पाच दात्यांचा तुरा

तपासनीस सकाळी सव्वादहाला आला आणि साडेदहाला गेला. पंधरा मिनिटं! बावन्न वर्षांच्या कामाला मोजून पंधरा मिनिटं, आणि त्यातली तीन तर त्याने बुटाला लागलेली घाण पायरीवर घासण्यात घालवली. तीही ताईने नुकत्याच धुऊन पुसून ठेवलेल्या पायरीवर.

त्याच्या हातात एक छापील कार्ड होतं. कार्डावर कोंबड्याचं चित्र, बाजूला चौकटी. पिसं राखी, बरोबरची खूण. पाय काजळासारखे काळे, बरोबरची खूण. पायाला पाच बोटं, बरोबरची खूण. मग तो कोंबड्याच्या डोक्याकडे वळला, पेनाच्या टोकाने तुऱ्याचे दाते मोजले, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि भली मोठी फुली मारली.

"फुली कशाची?" ताईने विचारलं.

"तुऱ्याला तीन दाते पाहिजेत, मागची बाजू सपाट. तुमच्या पक्ष्यांना पाच आहेत."

"अहो, काजळपायी जातीला पाचच असतात!"

"कार्डावर तीन आहेत, ताई."

"कार्ड कोंबडीने छापलंय की माणसाने?"

तपासनीस हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? त्याने अकरा पक्षी पाहिले, उरलेल्या सव्वीसांच्या नोंदीपुढे न बघताच फुल्या ओढल्या आणि मोटारसायकलला किक मारून चालता झाला. ताई फाटकात उभी राहिली. मग तिने पायरी पुन्हा धुतली. खराखरा, संतापाने.

ताई म्हणजे कपडे शिवणारी बाई. साठीची, अंगाने काटकुळी, गळ्यात सदा मापाची टेप. गल्लीत तिला तोंडावर 'ताई' म्हणतात आणि पाठीमागे 'कोंबडीताई', आणि दोन्ही तिला ठाऊक आहे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल, खुंटीला लोकांच्या तोकड्या झालेल्या पँटी. मागच्या अंगणात जाळीची तीन खुराडी. गिऱ्हाईक बाही लहान करायला येतं आणि मापं देता देता मागून कोंबडा असा काही ओरडतो की माणूस दचकून हात खाली घेतो. "हलू नका हो, बाही वाकडी येईल," ताई म्हणते, तोंडातल्या टाचण्या न काढता.

तीन खुराड्यांना तिने तीन दोरे दिलेत. लाल, निळा, पांढरा. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की आईच्या रंगाचा दोरा त्याच्या पायात. कोंबडी आपलं घर कधी सोडत नाही, दरवर्षीचा नवा कोंबडा मात्र एक घर पुढे जातो. लालचा निळ्यात, निळ्याचा पांढऱ्यात, पांढऱ्याचा लालमध्ये. एवढं नेमाने पाळलं की भावाबहिणीची जोडी लागत नाही आणि सदतीस पक्ष्यांतही जात टिकते. शेजारचा सायकलवाला म्हणतो, "ताई, तुमच्याकडे जावई दरवर्षी बदलतो." "बदलतो, पण नांदतो तरी," ताई म्हणते. सायकलवाल्याची दोन लग्नं मोडली होती, त्यामुळे तो पुढे काही बोलत नाही.

काजळपायी कोंबडी मानी. आठवड्याला तीन अंडी, चौथं मागायचं नाही. पण अंड्यांवर बसली की एकवीस दिवस बसली. मांजर आलं तरी उठत नाही, उलट मांजरच पळतं. यंत्रात उबवलेल्या, पिंजऱ्यात वाढलेल्या पांढऱ्या कोंबडीला पिल्लू समोर ठेवलं तर ती त्याला दाणा समजून टोचते. अशा दिवसांत स्वतःची पिल्लं स्वतः वाढवणारी कोंबडी राखून ठेवावी, असं ताईच्या वडिलांना वाटलं, आणि ताईला त्यांच्याकडून ते खूळ लागलं.

आता त्या फुल्यांचा अर्थ सांगायला हवा. जातिवंत पक्षी संघ म्हणून एक संस्था आहे, तपासनीस तिनेच पाठवलेला. तिच्या नोंदवहीत ज्याचे पक्षी असतील, त्याचीच अंडी सरकारी उबवणी केंद्र घेतं आणि पिल्लं गावोगाव जातात. नोंदवहीतून नाव गेलं की ताईचे सदतीस पक्षी म्हणजे अंगणातल्या चार कोंबड्या. ताईला मूलबाळ नाही. तिच्या पाठीमागे त्यांचं काय होणार, तर रस्सा. आणि नोंदवहीत काजळपायी म्हणून कोण उरणार? संघाच्या सेक्रेटरीसाहेबांचे पक्षी! त्यांनी तीन दाते यावेत म्हणून परदेशी काळा कोंबडा आणून आपल्या कोंबड्यांत सोडला होता. तीन दाते आले. पण निम्म्या पिल्लांना बोटं चारच, आणि कोंबड्यांची अंड्यांवर बसण्याची इच्छाच गेली. चार बोटांची पिल्लं तपासणीच्या दिवशी साहेबांच्या अंगणात दिसायची नाहीत, आणि अंड्यांवर बसण्याची तर कार्डावर चौकटच नव्हती.

यातला खरा राग आणणारा भाग पुढेच आहे. कार्डावरचं चित्र कुठून आलं, हे ताईला कोणी सांगायची गरज नव्हती. तो तिच्याच घरचा कोंबडा होता.

बावन्न वर्षांपूर्वी पशुखात्याचा एक फोटोवाला गावोगावच्या कोंबड्यांचे फोटो काढत फिरत होता. वडिलांनी आपला सगळ्यात देखणा कोंबडा स्टुलावर उभा केला. छाती, शेपटी, पाय, सगळं पाहत राहावं असं. फक्त तुरा अपुरा होता, मागचे दोन दाते काही महिन्यांपूर्वी दाराच्या पत्र्यात सापडून तुटले होते आणि जखम भरून तिथे गुळगुळीत झालं होतं. वडिलांनी फोटोवाल्याला ते सांगितलं नाही. घरातला अपघात परक्याला कशाला सांगायचा? फोटो पुस्तकात गेला, पुस्तकावरून चित्र झालं, चित्रावरून कार्ड, आणि आता कार्डावरून कोंबड्या! आजोबांचा पाय झाडावरून पडून मोडला, म्हणून नातवाने लंगडत जन्माला यायचं का? ताईने हाच प्रश्न संघाला पत्रात विचारला. एक नव्हे, चार पत्रांत.

पाचव्या पत्राला उत्तर आलं. दोन ओळी. "सदर तुरा अपघाताने तुटल्याचा प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार हजर करावा. ऐकीव माहिती ग्राह्य धरली जाणार नाही."

ताईने पत्र वाचलं, घडी घातली आणि मशीनच्या खणात टाकलं. त्या खणात मागे बटणांचा एक पत्र्याचा डबा होता, आईच्या वेळचा. त्या डब्याला ती कोणाला हात लावू देत नसे. आत चाळीस-पन्नास निरनिराळी बटणं होती, आणि तळाला कापडाच्या तुकड्यात बांधलेली एक वस्तू. काय आहे, हे फक्त तिला माहीत होतं.

साक्षीदार होता. तीच होती. खरं तर साक्षीदार कसली, करणारीच ती.

ती आठ वर्षांची होती. दाणे टाकायचं काम तिच्याकडे होतं आणि बाहेर मैत्रिणी दोरीवरच्या उड्यांसाठी हाका मारत होत्या. तिने दाणे भिरकावले, बाहेर उडी मारली आणि पाठीमागे न बघता पत्र्याचं दार धाडकन ढकललं. कोंबड्याने तिच्यामागे डोकं बाहेर काढलं होतं. नंतर काय ओरडला तो! ती पाण्याच्या पिंपामागे लपली. आवाज ऐकून तिचा भाऊ धावत आला. दादा तेव्हा बारा वर्षांचा. त्याने कोंबडा उचलून छातीशी धरला, सदऱ्याने त्याचं डोकं दाबलं. तेवढ्यात वडील आले आणि त्यांनी पाहिलं ते एवढंच, की मुलाच्या हातात रक्ताळलेला कोंबडा.

"कोणी केलं?" वडिलांनी विचारलं.

दादा गप्प.

"ज्याने केलं, त्याने पुन्हा या खुराड्यात पाऊल ठेवायचं नाही," वडील म्हणाले. "ज्याला मुक्या जिवाची कदर नाही, त्याला माझ्या पक्ष्यांत जागा नाही."

पिंपामागून ती बाहेर आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. दार लागलं तिथे मातीत दोन लाल तुकडे पडले होते, ते मात्र तिने लपायच्या आधीच उचलून फ्रॉकात गुंडाळले होते.

आणि दादाने वडिलांचा शब्द पाळला. वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी पाळला. तो सुतार झाला. तिन्ही खुराडी त्यानेच बांधली, पण आपल्या दुकानात. चौकटी, जाळ्या, बसायच्या काठ्या, सगळं तयार करून हातगाडीवर आणायचा, मजुरांकरवी आत बसवायचा आणि स्वतः जाळीबाहेर उभा राहून सांगायचा, "तो खिळा जरा डावीकडे." रोज सकाळी पाण्याची बादली दारापर्यंत आणतो, उंबऱ्यावर ठेवतो. "साहेब, दोन पावलं आत आलात तर पाय झिजणार नाहीत," ताई डाफरते. "बाबांनी नको म्हटलंय," तो हसून म्हणतो. सारी गल्ली यावर हसते. ताई डाफरते ती मुद्दाम मोठ्याने, कारण हळू बोलली तर रडू येईल, ही तिची रोजची भीती. आणि खुराड्याचं दार लावताना ती आधी वाकून खाली बघते, मग दार इंचाइंचाने सरकवते. सायकलवाला तर तिची नक्कलही करून दाखवतो.

संघाचं पत्र दादाने वाचलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "साक्षीदार पाहिजे ना? मी येतो. मीच केलं म्हणून सांगतो. तसंही सगळ्यांना तेच माहीत आहे."

आणि ताई "हो" म्हणाली! शरम वाटली, तरी "हो" म्हणाली. पक्षी वाचतात, दादाला नवीन काही सोसावं लागत नाही, मग कशाला जुनं उकरायचं, असं तिने स्वतःला समजावलं. तरी सभेला निघताना तिने खण उघडून बटणांचा डबा पिशवीत टाकला. का टाकला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सभा दुपारी तीनला. लांबट खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर हिरवं कापड, टकटक वाजणारा पंखा. टेबलामागे म्हातारे अध्यक्ष, सेक्रेटरीसाहेब आणि खात्याच्या डॉक्टरबाई. ताईने लाल दोऱ्याचा कोंबडा टोपलीत घालून आणला होता. तो टोपलीतून मान काढून सेक्रेटरीकडे रोखून बघत होता. त्यालाही माणसं ओळखता येत असावीत.

दादा उभा राहिला. घडी केलेला कागद काढून त्याने वाचलं, की बारा वर्षांचा असताना दार लावताना आपल्या हातून कोंबड्याचा तुरा कापला गेला.

"दार आतून लावत होतात की बाहेरून?" सेक्रेटरीने विचारलं.

दादा अडखळला. "आतून."

"दार उघडतं कुठल्या बाजूला?"

"बाहेर."

"म्हणजे तुम्ही आत, दार आत ओढून घेतलंत. कोंबडा तर तुमच्याबरोबर आतच असणार. मग त्याचं डोकं दारात कसं आलं?"

दादाने कागदाकडे पाहिलं. कागदात त्याचं उत्तर नव्हतं. तो तिथे नव्हताच, तर त्याला कुठून माहीत असणार? त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. चौसष्ट वर्षांचा माणूस, उभ्या आयुष्यात ज्याची एक खुर्ची कधी डुगडुगली नाही, तो परीक्षेत नापास होणाऱ्या पोरासारखा उभा होता.

"हे पाहा," सेक्रेटरी खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "गल्लीत मी चौकशी केली आहे. या गृहस्थांना त्यांच्या वडिलांनीच खुराड्यात पाऊल ठेवायला बंदी केली होती. ज्याच्यावर सख्ख्या बापाचा विश्वास नव्हता, त्याच्या शब्दावर आपण एका जातीची व्याख्या बदलायची? बहिणीच्या कोंबड्यांसाठी भाऊ खोटं बोलतोय, एवढंच."

दोन-तीन जण हसले.

"खाली बस, दादा!" ताई ओरडली. पंख्याचीसुद्धा टकटक थांबली असेल, असा आवाज. "बस म्हणते ना! खोटं बोलतोय तो, साहेब, खरंच खोटं बोलतोय. त्याने नाही केलं. मी केलं."

"ताई..." दादा म्हणाला.

"तू गप्प! बावन्न वर्षं गप्प होतास, आणखी पाच मिनिटं राहा!" ती टेबलापाशी गेली. "दार मी लावलं. बाहेरून. बाहेर उडी मारली आणि न बघता ढकललं, कारण मला खेळायला जायचं होतं. कोंबडा माझ्यामागे डोकं काढून उभा होता. याने फक्त त्याला उचललं. शिक्षा याला झाली आणि मी पिंपामागे उंदरासारखी बसून राहिले. काय म्हणालात तुम्ही? याच्यावर बापाचा विश्वास नव्हता? विश्वास ठेवायच्या लायकीचा त्या घरात हा एकटाच होता! हसलात ना आत्ता? हसायचं तर मला हसा!"

कोणी हसलं नाही.

तिने पिशवीतून बटणांचा डबा काढला आणि हिरव्या कापडावर उपडा केला. बटणं घरंगळली, एक अध्यक्षांच्या मांडीत जाऊन पडलं. ताईने कापडाची गाठ सोडली. आत दोन काळपट, टणक, टोकदार तुकडे होते, वाळून नखाएवढे झालेले.

"हे काय?" सेक्रेटरीने खुर्ची मागे घेतली.

"तुमच्या कार्डावर नाहीत ते दोन दाते."

डॉक्टरबाईंनी पर्समधून भिंग काढलं. तुकडे उलटसुलट करून पाहिले. मग टोपलीतल्या कोंबड्याचा तुरा दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिला, आणि शेवटी कार्डावरचं चित्र. "हा तुराच आहे," त्या म्हणाल्या. "कडेला सरळ काप आहे, पत्र्याचाच असावा. चित्रात तीन आणि हे दोन." मग सेक्रेटरीकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या पक्ष्यांना तीन दाते जन्मतःच येतात, नाही का? ते कुठून आले, तेही एकदा बघायला हवं."

त्यानंतर संघाचं नेहमीचं सगळं झालं. चहा झाला, तांत्रिक बाब असा शब्द चारदा वापरला गेला, ठराव झाला. ताईच्या सदतीस फुल्या रद्द. नवीन कार्ड छापून येईपर्यंत जुन्यावरच शाईने तिनाचे पाच करायचे. माफी वगैरे कोणी मागितली नाही. दादाची तर नाहीच नाही. ताईने खाली वाकून एकेक बटण वेचलं. अध्यक्षांनी मांडीतलं बटण उचलून तिच्या हातात दिलं, तेवढाच काय तो त्या सभेतला सभ्यपणा.

दोघं घराकडे निघाली. टोपली दादाच्या डोक्यावर, ताई दोन पावलं पुढे. अंगणात आल्यावर ती गर्रकन वळली.

"तुला माहीत होतं. मी केलं ते."

दादाने टोपली खाली ठेवली. "पिंपामागून तुझ्या फ्रॉकचं टोक दिसत होतं. त्याच्यावर रक्त होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बाबा काय म्हणाले ऐकलंस ना? ज्याने केलं त्याने पुन्हा आत पाऊल ठेवायचं नाही. मला कोंबड्या आवडायच्या गं. पण तू तर त्यांच्यातच जेवायचीस, त्यांच्यातच झोपायला बघायचीस. मी लाकडात मन रमवलं असतं. तू काय केलं असतंस?"

"आणि नंतर? मोठी झाल्यावर? एकदा तरी तोंडावर म्हणायचंस, तुझ्यामुळे माझ्यावर आळ आला म्हणून!"

"मला वाटलं, तू विसरलीस," दादा म्हणाला. "आठ वर्षांची होतीस. कशाला आठवण करून द्यायची?"

"विसरले?" ताईचा आवाज फाटला. "विसरले! रोज सकाळी तू त्या उंबऱ्यावर बादली ठेवून मागे फिरायचास, आणि मी विसरले? दार लावताना वाकून बघते, लोक हसतात माझ्यावर, आणि म्हणे विसरले! अरे गाढवा, एकदा विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? बावन्न वर्षं, दादा! बावन्न वर्षं तू बाहेर उभा!"

तिला धाप लागली. दादा खाली मान घालून उभा राहिला, जणू अजून त्याचंच चुकलं होतं. त्यामुळे तिला आणखीच राग आला. तिने डोळे पदराने खसाखसा पुसले, निळ्या खुराड्याची कडी काढली आणि दार सताड उघडून धरलं.

"चल आत."

"बाबांनी..."

"ज्याने केलं त्याने जायचं नाही, असं म्हणाले होते बाबा. तू केलंस का? नाही ना? मग ये. आणि टोपली घे, तो बिचारा दुपारपासून कोंडलाय."

दादाने चपला बाहेर काढल्या. कशासाठी, कोण जाणे. टोपली उचलली, उंबऱ्यापाशी थबकला, मग एक पाय आत टाकला, मग दुसरा. कोंबड्या कुरकुरत बाजूला झाल्या. एका तलंगीने, कोवळ्या कोंबडीने, त्याच्या पायाच्या अंगठ्याला चोच मारून पाहिली. त्याने कोंबडा टोपलीतून काढला आणि खाली सोडायचं विसरून छातीशी तसाच धरून उभा राहिला.

ताईने वाकून खाली पाहिलं. कोणाचं डोकं दारात नव्हतं. मग तिने दार इंचाइंचाने सरकवलं आणि कडी लावली. आतून.